चित्र कोणी काढलं?

प्रताप नगर, नागपूर
१२ नोव्हेंबर

चि. भैरवी,

खळ्ळ... खळ्ळ... ठप्प.

हा आवाज तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. लोखंडी साखळी खुंटीवरून उतरायची ती खळ्ळ, आणि चौकट जमिनीला टेकायची ती ठप्प. फाटकाशी अनोळखी चपला वाजल्या की आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, हातातलं टाकून उठायचे आणि भिंतीवरची बाई खाली उतरवायचे. आलेला माणूस मीटर बघणारा असो की एखादा सोयरा, बाई आधी गव्हाच्या कोठीमागे जायची, मग दार उघडायचं. मी लहान होतो. एकदा विचारलं, "बाबा, ती का लपते?" तर त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. त्या हाताला गंजाचा वास होता. शाळेत पुढे मी मुलांना भयानक रस शिकवला, उदाहरणं भुता-स्मशानांची दिली. पण मनात यायचा तो हा वास.

आणि तू तिकडून, समुद्राकाठच्या गावातल्या तुझ्या संग्रहालयातून, सहज लिहितेस, "काका, सुट्टीत पाहिलेलं ते बाईचं चित्र अजून आहे का? फोटो पाठवाल?"

आहे गं. आता ती माझ्या खोलीत असते, पुस्तकांच्या कपाटाआड. आज तिला उन्हात आणलं. वरच्या मजल्यावरच्या दिपालीने मोबाइलवर फोटो घेतले आणि तुला धाडले. हिरवट काळोख, त्यात बसलेली बाई. डोईवर पदर, नाकात नथ. चेहरा आपल्याकडचा, रंगवायची तऱ्हा मात्र परमुलखातली. डोळे असे की खोलीत कुठेही बसा, तुमच्याकडेच. आणि हात नाहीत. दोन्ही पदराखाली. आमची आत्या म्हणायची, "तिच्या पदराखाली काय आहे ते विचारू नये."

हिच्यावर कविता करावी असं जन्मभर मनात होतं. पहिली ओळ भुजंगप्रयातात चांगली जमली होती. दुसरी आलीच नाही.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि मी नुसतं "हो हो" म्हणत राहतो. पत्रच लिही. आणि हे फोटो चारचौघांत फिरवू नकोस, एवढं ऐक.

तुझा,
विश्वनाथकाका


२९ नोव्हेंबर

ती. काका,

नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य वाचेपर्यंत उशीर झाला होता. फोटो बघताच मी खुर्चीतून उठले आणि सगळ्यांना दाखवत सुटले. रागावू नका. का ते सांगते.

आमच्याकडे एझ्रा टिल्डन नावाच्या चित्रकाराची चित्रं आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस. अमेरिका हा देशच तेव्हा नवा होता. आधी तो दुकानांच्या पाट्या आणि बग्ग्या रंगवायचा. मग गावोगाव पायी हिंडून लोकांचे चेहरे रंगवू लागला, कुठे जेवणाच्या बदल्यात, कुठे मुक्कामाच्या. सही कधीच केली नाही. तरुणपणीचे त्याचे चेहरे म्हणजे लाकडी पाट, डोळ्यांच्या जागी बटणं. पुढे तो मसाल्याच्या जहाजातून कलकत्त्याला गेला आणि काही वर्षं दिसेनासाच झाला. परतला तेव्हा त्याच्या चित्रांतली माणसं बघायला लागली होती! मधल्या काळात तो कुठे होता, कोणाकडून शिकला, कोणालाच ठाऊक नाही. आणि गंमत ऐका: त्याला हात जमायचे नाहीत. म्हणून तो ते लपवायचा, शालीत, टोपीखाली, मांडीवरच्या कुत्र्यामागे. आत्याआजीला सांगायला हवं होतं, पदराखाली काही नाही, चित्रकाराची फजिती आहे!

मला तर बघताक्षणी वाटलं, टिल्डनच. कलकत्त्याहून तो नागपूरच्या इंग्रज रेसिडेन्सीपर्यंत गेला असणार. पण माझ्या वाटण्यावर इथे कोण विश्वास ठेवणार? आता सगळे एकच विचारतात: चित्र कोणी काढलं? त्याचा छडा लागल्याशिवाय पुढे काही होणार नाही. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या काही बोललं गेलं असेल तर ते सगळं कळवा, काही लपवू नका. उन्हाळ्याआधी इथून एक माणूस पाठवणार आहेत. तो चौकट, खिळे, मागचं कापड, सगळं तपासेल. तोवर काही पुसू नका, हलवू नका. कोणी काढलं ते एकदा सिद्ध झालं की पेपरांत येईल, आपल्या घराण्याचं नावसुद्धा!

तुमची,
भैरवी


प्रताप नगर
१७ डिसेंबर

भैरवी,

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर तुझंच होतं.

"कोणी काढलं." किती सरळ विचारलंस. बाबा हयात असते तर त्यांनी हे पत्र चुलीत घातलं असतं. ज्या माणसाच्या चाहुलीला ते जन्मभर भ्यायले, तो आता खराच येणार, आणि त्याला आमच्या घराचा पत्ता आमच्याच मुलीने दिला.

परवा फाटकाबाहेर एकजण घराचे फोटो घेत उभा होता. मी दिवे मालवून कपाटाला पाठ लावून बसलो. शेवटी दिपाली खाली आली. जवळ येऊन, मोठ्याने, हातवारे करत तिने सांगितलं, "काका, तो घरपट्टीवाला होता! तुमी काहून थरथरून राहिले?" मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, "मंग स्वेटर घाला नं, कपाटाले काहून चिकटून बसले?"

काही लपवू नका म्हणतेस. बरं. आपल्या रघोपंतांनी काढलं. आपले मूळपुरुष, भोसल्यांच्या अमलात इकडे आले, पुढे सीताबर्डीच्या रेसिडेन्सीत कारकून झाले. त्यांनी काढलं, आणि साहेबाला न विचारता काढलं. आमच्या घरात हे एवढंच वाक्य बापाकडून मुलाकडे आलं, तेही हळू आवाजात. मला मूल नाही. वाटलं होतं, ते माझ्याबरोबर जाईल.

त्या माणसाला पाठवू नकोस. चुलत्याची विनवणी समज.

विश्वनाथ


४ जानेवारी

ती. काका,

रघोपंतांनी काढलं? आपल्या रघोपंतांनी? मी ते वाक्य उभ्याने वाचलं आणि खाली बसले.

म्हणजे टिल्डन नाहीच! रेसिडेन्सीतला एक साधा कारकून, आणि तोही साहेबाला न विचारता! आमच्या प्रमुख बाईंना सांगितलं तर त्या फोटोला नाक लावून बसल्या. म्हणाल्या, "ह्या माणसाने आयुष्यात एकच काढलं असेल, हे शक्य नाही. हात चांगला सरावलेला दिसतो." मलाही तसंच वाटतं. मग बाकीची कुठे आहेत? आपल्या नातेवाइकांकडे असतील तर नावं कळवा. रेसिडेन्सीतच काढायचे, की आणखी कोणाकोणाच्या घरी जाऊन? एकट्याने, की साथीला कोणी असायचं? आणि हे अंग पुढच्या पिढ्यांत उतरलं का? आजोबांनी कधी काही काढलं होतं? तुम्ही?

तुम्ही एवढे घाबरता कशाला? यात लपवण्यासारखं काय आहे? मी तर इथे कौतुकाने सांगत फिरते आहे, मी त्यांच्याच वंशातली म्हणून.

माणूस आता मार्चमध्येच निघतो आहे. खरं तर मीच येणार होते. पण इथे कायम राहण्याचे माझे कागद अडकलेत. वकील म्हणतात, ते हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलंस तर परत आत घेतील याची खात्री नाही. म्हणून दुसऱ्याला पाठवते आहे. त्याला चहा पाजा आणि सगळं मोकळेपणी सांगा.

भैरवी


८ फेब्रुवारी

भैरवी,

कुठून लिहितो ते लिहीत नाही.

"हात चांगला सरावलेला दिसतो." हे वाक्य तू तुझ्या हाताने कागदावर उतरवलंस. ज्या हाताला मी पेरूच्या झाडाखाली बसवून अ-आ गिरवायला लावलं, त्या हाताने. वर विचारतेस, हे अंग पुढे उतरलं का. ऐक. मी सगळी नोकरी फळ्यासमोर केली. शाळेतून घरी येताना खिशात खडू राहिला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवायचो. तुझे आजोबा रस्त्यात सापडलेली छत्री धन्याला पोचवायला धंतोलीपर्यंत चालत गेले होते. आणि तू नातेवाइकांची नावं मागतेस. कौतुकाने सांगत फिरतेस! थट्टा तरी किती करावी बापाच्या घराण्याची?

मला बाबांकडून जेवढं कळलं तेवढं आता सांगून टाकतो, मग तुझ्या लोकांना काय करायचं ते करू दे. सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा रेसिडेन्सीच्या आवारात आग लागली म्हणे. रघोपंत आत गेले आणि भिंतीवरून ही बाई काढून घरी घेऊन आले. लढाई संपली. कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणली ती राहिली. झालं ते एवढंच, आणि एकदाच. त्याला चोरी म्हणायचं की आणखी काही, याचा निवाडा करायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही. म्हणून साखळी, म्हणून कोठी.

तुझं पत्र आल्यावर मी तिला घोंगडीत गुंडाळलं, पोत्यात घातलं आणि एसटीत बसलो. जवळच्या बाकांवर बसलेला प्रत्येक माणूस मला तुझा माणूस वाटत होता. खिडकीचा गज भुजंगप्रयातात, लगागा लगागा करत थरथरत होता, माझी छातीही त्याच चालीत. ‘बाईला घेऊन येतो’ असं कार्ड आधीच टाकलं होतं. उतरलो तर श्रावण उभा. माझा शाळेतला सोबती. जन्मभर मागावर लुगडी विणली, आता गुडघ्यांमुळे माग बंद. पोतं बघून त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"काहून गा इस्वनाथ, वहिनी जाऊन इतके वर्स झाले. आता ह्या वयात कोनती बाई पोत्यात टाकून आनली?"

"हळू बोल. लोक ऐकतील."

"लोकाइचं सोड, तुलेच आयकू येत नाही!"

त्याच्या घरी पोतं उघडलं. त्याची बायको जनाबाई चुलीवरचं सोडून बघायला आली. श्रावण तिच्यापुढे उकिडवा बसला. मग म्हणाला, "काय मस्त काढली हाये गा! कोनं काढली?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. भैरवी, तो शब्द आता मला कोणाच्याच तोंडून सोसत नाही.

मी ठरवलं आहे. होळी जवळ आली. ह्यांच्या गल्लीत मोठी होळी पेटते. बाई तिच्यात जाईल. तपासायला काही उरलं नाही म्हणजे कोणी चोर ठरणार नाही. रघोपंत नाही, बाबा नाही, तूही नाही. जनाबाईला सांगितलं तर ती भाकर थापता थापता थांबली. म्हणाली, "जाळा. दरसाल होळीत बाईच तं जळते." आणि त्या रात्री मला कोरडीच भाकर वाढली.

तुझ्या माणसाला सांग, येऊ नकोस. घराला कुलूप आहे.

विश्वनाथ


२४ फेब्रुवारी

काका, थांबा.

आधी हे वाचा, बाकी नंतर. काढलं म्हणजे रंगवलं. मी विचारत होते, कुंचला कोणाच्या हातात होता? चित्र कोणाच्या हातचं? एवढंच, काका, एवढंच! भिंतीवरून कोणी उतरवलं, कोणी पळवलं, हे इथे कोणाच्या स्वप्नातही नाही. कोणाला ते परत नको आहे. येणारा माणूस रंग बघायला येणार होता, चोर धरायला नाही.

आणि मी तरी काय केलं! तुम्ही लिहिलंत, "रघोपंतांनी काढलं", तर मी त्यांना चित्रकार करून टाकलं. "आणखी कोणाच्या घरी काढायचे, साथीला कोण होतं, हात सरावलेला आहे..." माझीच पत्रं आज तुमच्या डोळ्यांनी आठवून बघितली. मराठीचे मास्तर तुम्ही. श्लेष मला तुम्ही शिकवलात, एका शब्दाचे दोन अर्थ, टाळ्या वाजवत. आणि आपण दोघं एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभे राहून तीन महिने ओरडतो आहोत.

दिपालीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, काकाच्या दाराले कुलूप हाये. मी तं समजली तुमच्याकडच्या कोनाकडे गेले." ती शोधते म्हणाली, पण कुठे शोधणार? तुम्ही पत्ता लिहिला नाहीत. पाकिटावर शिक्का उमरेडचा आहे आणि पत्रात श्रावणकाकांचं नाव. तेवढ्यावरच पाठवते: श्रावण, लुगडी विणणारे, उमरेड. एखादा पोस्टमन भला असेल तर.

पण होळी आठवड्यावर आली. हे पत्र तोवर पोचत नाही, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण नुसतं बसवत नाही. वकिलांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, गेलीस तर नोकरी, घर, सगळं विसरून जा. म्हणजे मी येऊ शकत नाही, काका.

चित्राची मला भीती वाटत नाही. चित्र जळालं तर जळालं. मला भीती वाटते ती तुमची. तुम्ही तिला आगीत घालाल, आणि मग कधीतरी हे पत्र तुमच्या हातात पडेल. तेव्हा तुम्ही एकटे असाल. त्याच्यानंतरचे तुमचे दिवस माझ्या डोळ्यांपुढे येतात आणि मी डोळे उघडे ठेवून बसते.

जाळू नका. जाळू नका.

भैरवी


होळी, दुपार

चि. भैरवी,

मागच्या पत्रात तुला काही आशीर्वाद लिहिला नव्हता. आज लिहितो. सुखी राहा.

बाहेर होळी रचून झाली. मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, लाकडं, कोणाची मोडकी खाट. पोरं सकाळपासून बोंबलताहेत. त्यांची तोंडं दिसतात, आवाज नाही. मला ते अधिकच भेसूर वाटतं.

शेवटचं बघावं म्हणून तिला श्रावणच्या मागाच्या खोलीत नेलं. तिथे दारातून भरपूर ऊन येतं. घरी ती कायम कपाटाआड. मी तिचा चेहराच बघत आलो, कडा कधी बघितल्या नाहीत. चौकटीची खालची कड काळी आहे. मला वाटायचं, जुनं लाकूड. बोट फिरवलं तर बोटाला कोळसा लागला. इतक्या वर्षांनंतरही लागतो. आणि पदराच्या टोकाशी, जिथे रंग फुगून फोड आले आहेत, तिथे कोणाची तरी बोटं रुतलेली आहेत. चार. रंग तापून मऊ झाला असताना धरल्यासारखी.

मी तिथेच जमिनीवर बसलो. विचार कर, भैरवी. आग लागलेली. आत साहेबाची चांदी असेल, घड्याळं असतील, बंदुका असतील. चोराने काय उचललं असतं? आणि रघोपंतांनी तापलेली चौकट उघड्या हातांनी धरून आणली ती ही बाई. कोण होती ती? कोण लागत होती त्यांची? हे घरात कोणी कोणाला सांगितलं नाही. आम्ही फक्त त्यांचं भय सांभाळलं. त्यांनी तिला जाळातून ओढलं, आणि मी तिला त्याच जाळात घालायला एसटीने घेऊन आलो.

नाही जमायचं. जनाबाईला तसं खुणेने सांगितलं. तिने माझ्यापुढे पुरणपोळी ठेवली. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा वर तूप घातलं.

तेव्हा तुझा माणूस येऊ दे. मी त्याला चहा देईन आणि सांगेन, होय, आमच्याकडेच आहे, आम्हीच आणली. मला न्यायचं तर न्या, हिला नीट ठेवा. भीती गेली असं समजू नकोस. अक्षर बघ, ओळ सरळ राहत नाही. पोलीस येतील, पेपरात नाव येईल, जुने विद्यार्थी वाचतील. सगळं डोळ्यांपुढे आहे. पण तिला घेऊन पळायचं वय राहिलं नाही, आणि मन तर मुळीच नाही.

श्रावण आत्ता आत आला. खांद्यावर थोपटून कानाशी ओरडला, "गाडी आली हाये. नागपूरची. तुलेच इचारून राहिले."

संपलं. आले वाटतं.

मी विचारलं, "पोलीस?"

तो म्हणाला, "पोलीस असी रडते काय गा? बाई हाये. संग बॅग हाये, अन् एक पोरगी हाये, तुयाच घरावर राहाते म्हनते."

मी उठून चित्रातल्या बाईपुढे उभा राहिलो आहे, पाठीशी तिला घेऊन. कागद मागाच्या लाकडावर टेकवून लिहितो आहे, कारण हात थांबला तर पाय निघून जातील असं वाटतं. दारातल्या उन्हात कोणीतरी आलं. ऊन पाठीमागे आहे, चेहरा दिसत नाही. चप्पल काढायलाही थांबत नाही. कपाळाला वाटेत कोणीतरी फासलेला गुलाल, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले...

भैरवी.

हे पत्र आता कोणाला टाकू? जिला लिहितो आहे ती समोर उभी आहे, आणि कागद हातात पडेपर्यंत तिकडून निघायचं नव्हतं तिने. तुझे ओठ हलताहेत. काहीतरी पुन्हा पुन्हा विचारते आहेस, ओरडून, आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही. तुझी नजर मात्र माझ्यावर नाही, खोलीभर काहीतरी शोधते आहे.

मी बाजूला सरकतो, पोरी. माझ्यामागे आहे ती. बघ.